हिराजीकाकांचा गाळा भाड्याने देणे आहे

दिवसभरात दहा घरं दाखवली तर नऊ पार्टीला पसंत पडत नाहीत. पण घर गेलं नाही तरी प्रत्येक घरात एक किस्सा मिळतोच. घणसोलीत इस्टेट एजंट म्हणून मला बावीस वर्षं झाली. संध्याकाळी किल्ल्या मालकांना परत देता येतात, किस्से कोणाला परत देणार? ते पर्समध्येच राहतात.

त्यातले निम्मे मिळाले ते सरकारने आम्हा एजंटांना परीक्षेला बसवलं तेव्हा. रेरा कायदा आला, एजंटची नोंदणी सक्तीची झाली, तिथवर ठीक होतं. फॉर्म भरला, फी भरली, नंबर मिळाला. मग नवा नियम आला. आधी ट्रेनिंग घ्या, मग परीक्षा द्या, पास झालात तरच नोंदणी राहील! पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि सगळं कॉम्प्युटरवर. भाड्याच्या खोल्या लावून द्यायला हा परवाना लागत नाही, पण नव्या टॉवरमधलं घर विकायचं असेल तर लागतोच.

आम्ही चौघं एकाच अड्ड्यावरचे. मी वैशाली, आधी घरोघरी साड्या विकायचे, मग घरं विकायला लागले. सलीमभाई मूळचे मुरुडकडचे, बोलायला एकदम गोड. संदेश वयाने लहान, फ्लॅटचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकणारा. आणि हिराजीकाका, घणसोली गावातलेच, सातवी शिकलेले, साठीला टेकलेले. गावठाणाच्या तोंडाशी काकांचा गाळा आहे आणि रोज सकाळी अकराचा चहा तिथेच होतो. मी पहिल्या फटक्यात पास झाले, हे आधीच सांगून टाकते. नंतर राहून जायला नको!

*

ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "कार्पेट एरिया म्हणजे काय?"

ज्या शब्दावर आम्ही रोज भांडतो त्याची व्याख्या एकालाही सांगता येईना. संदेशने भिंतींची जाडी, बाल्कनी, गच्ची असं काहीतरी सुरू केलं आणि मध्येच अडकला.

सलीमभाई उठून उभे राहिले. "सर, गिऱ्हाईक घरात राहायला आल्यावर जेवढ्या जागेत झाडू मारतं, तेवढा!"

सरांनी पुस्तक उघडलं, व्याख्या वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण चूक काय आहे तेही मला सांगता येत नाहीये."

*

नंतरचे तास ऑनलाइन होते. कॅमेरा चालू ठेवायचा, नाहीतर हजेरी लागत नाही. संदेशला नेमकी त्याच वेळी पार्टी आली, ऐरोलीला दोन बेडरूमचा फ्लॅट बघायला. पठ्ठ्याने वर्ग चालू असलेला फोन शर्टाच्या खिशात कॅमेरा बाहेर करून ठेवला आणि गेला.

इकडे सर कलमं शिकवतायत आणि स्क्रीनच्या एका चौकोनात आम्हाला हॉल दिसतोय, मग पॅसेज, मग बेडरूम. हळूहळू कलमांकडे कोणाचंच लक्ष राहिलं नाही. संदेश पार्टीला सांगत होता, "इथे बेड बसतो, कपाट बसतं, वर फिरायला जागा राहते." चॅटमध्ये एकाने विचारलं, "मालक भाव कमी करेल का?"

सरांच्या हे लक्षात आलं. ते थांबले, चष्मा वर केला. आता संदेशची काही खैर नाही असं आम्हाला वाटलं.

सर म्हणाले, "संदेश, जरा किचनकडे वळा. ड्राय बाल्कनी आहे का बघू!"

*

आमचं खरं टेन्शन होतं हिराजीकाका. काकांना गावातलं प्रत्येक घर, प्रत्येक सातबारा, प्रत्येक भावाभावांमधलं भांडण तोंडपाठ. कोणासाठीही शब्द टाकायचा झाला की त्यांचं एकच वाक्य असतं, "पार्टी चांगली हाय. मी वलखतो." आणि ते म्हणाले की मालक पुढचं काही विचारत नाही. बावीस वर्षांत ते वाक्य खोटं पडल्याचं मला आठवत नाही.

पण परीक्षेत हे चालणार कसं? सराव म्हणून मी त्यांना प्रश्न विचारले. "काका, करार रजिस्टर करण्याआधी बिल्डरला घराच्या किमतीतली जास्तीत जास्त किती रक्कम घेता येते? दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के, की पन्नास टक्के?"

काकांनी विचार केला. "पार्टी कोन हाय?"

"काका, पार्टी नाही. प्रश्न आहे."

"आगो, पन पार्टी कोन हाय ते कल्ल्याबिगर मी कसा सांगू?"

शेवटी "कायदा सगळ्यांना सारखा, दहा टक्के" हे त्यांनी लिहून घेतलं, पण मनातून त्यांना ते पटलेलं नव्हतं.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी संदेश सेंटर बघून आला आणि ग्रुपवर मेसेज टाकला, "स्टेशनपासून चालत पाच मिनिटं."

आता हे वाक्य आम्ही चौघांनी आयुष्यात किती वेळा, कुठल्याकुठल्या घराबद्दल म्हटलंय ते आमचं आम्हाला माहीत! पाच मिनिटं म्हणजे पंचवीस, हे आमच्यात सांगावं लागत नाही. मी अर्धा तास धरला. सलीमभाईंनी पाऊण धरला, वर रिक्षा मिळणार नाही म्हणून आणखी पंधरा मिनिटं. काका तर पहाटेच आंघोळ करून तयार.

सेंटर खरंच पाच मिनिटांवर निघालं.

बंद गेटसमोर मी पंचवीस मिनिटं उभी होते, सलीमभाई जवळजवळ तासभर, आणि काका कधीपासून ते त्यांनाच माहीत. बघतो तर आजूबाजूला आणखी वीसेक एजंट तसेच आलेले, एकमेकांची नजर चुकवत. संदेश सगळ्यात शेवटी आला, अगदी वेळेवर, आणि म्हणाला, "अरे, मी खरं सांगितलं होतं!" सलीमभाई भडकले, "तर मग तसं लिहायचं ना, की खरं सांगतोय म्हणून!"

*

हॉलच्या बाहेर फोन बंद करून ट्रेमध्ये ठेवायचे होते. आमच्यात फोन बंद करणं म्हणजे दुकान बंद करणं. सलीमभाईंनी फोन नुसता सायलेंटवर टाकला. तो दर दोन मिनिटांनी ट्रेमध्ये थरथरायला लागला. बाहेर बसलेल्या शिपायाने वीस मिनिटं सहन केलं आणि शेवटी वैतागून उचलला.

परीक्षा संपवून आम्ही बाहेर आलो तर शिपाई हातात चिठ्ठी घेऊन उभा. "भाई, तुमची पार्टी होती. दोन बेडरूम हवेत, पूर्वेकडचं दार. मी संध्याकाळी सहाला या म्हणून सांगितलंय. कोपरखैरणेत आहे ना तुमच्याकडे?"

सलीमभाईंनी चिठ्ठी वाचली. चांगली पक्की पार्टी होती. शिपायाने हळूच विचारलं, "माझं पण काहीतरी बघाल ना यात?"

सलीमभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाठीमागच्या हॉलकडे बोट केलं. "बघतो की. आधी आत जाऊन पास हो!"

*

निकाल लागला. आम्ही तिघं पास. हिराजीकाका दोन मार्कांनी गेले.

मला विश्वासच बसेना. शेवटी शेवटी सरावात बरंचसं येत होतं त्यांना! मी विचारलं, "काका, जे प्रश्न येत नव्हते तिथे काय केलंत?"

"तिसरा पर्याय टिक केला."

"तिसराच का?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कालच धंद्यात आलेय. "आगो, चांगला घर कितवा दाखवतो आपुन?"

हे मात्र खरं होतं. पहिलं घर अंधारं दाखवायचं, दुसरं महाग, आणि चांगलं घर तिसरं. हे मला काकांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "काका, पेपर काढणारे दलाल नाहीत हो!" काका म्हणाले, "मंग त्यांना धंदा काय कलनार?"

आम्ही हसलो, पण घरी जाताना मला फार वाईट वाटलं. आमच्या चौघांत खरा एजंट तोच एक माणूस होता.

*

मध्ये एक संदेशचं सांगते. पास झाल्यावर त्याच्या अंगात कायदा शिरला. प्रत्येक जाहिरातीत नोंदणी नंबर हवा असा नियम आहे, म्हणून हा जिथे तिथे नंबर छापायला लागला. तेवढ्यात घरच्यांनी त्याचं लग्न जमवायला घेतलं. याने बायोडेटावर फोटोखाली नंबर टाकला! मी म्हटलं, "अरे, हे काय?" तर म्हणतो, "ताई, ही पण जाहिरातच आहे ना?"

मुलीचे वडील सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. त्यांनी तो नंबर वेबसाइटवर शोधला, नाव जुळवलं, फोटो जुळवला आणि बघायच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगा खरा आहे, नोंदणीही चालू आहे. पण मुदत पाच वर्षांचीच दिसते. पुढचं काय?"

*

आता काकांचं. काका नापास झाल्यावर त्यांचा मुलगा निलेश म्हणाला, "बाबा, बस झालं. खोल्यांची कामं ओट्यावर बसून फोनवर करा. गाळा भाड्याने देऊ." गावातल्या खोल्याही आता लोक मोबाइलवरच शोधतात. काकांचं दुकान चालत होतं ते टॉवरमधल्या घरांवर, आणि परवान्याशिवाय ती विकता येत नव्हती. निलेशचं काही चुकत नव्हतं. एक गोष्ट मात्र ठरली. काकांनी अजून एकदा परीक्षा द्यायची, आणि तोपर्यंत गाळ्यासाठी पार्टी बघायची. जे आधी होईल ते.

काकांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली, "गाळा भाड्याने देणे आहे", आणि स्वतःच्या बोर्डाखाली लावली. मी दुसरीकडे बघत चहा प्यायले.

दुपारी काका माझ्या ऑफिसात येऊन माउस नीट धरायला शिकायचे; पहिल्या परीक्षेत तो कसाबसा ढकलला होता. पहिले चार दिवस तो बाण स्क्रीनवर कुठे जातो ते त्यांनाही कळत नव्हतं. पण आता प्रत्येक प्रश्नाचे चारही पर्याय ते मोठ्याने वाचायचे आणि तिसऱ्यावर आले की माझ्याकडे बघून म्हणायचे, "हा नाय. हा चांगला दिसतो म्हनून नाय घ्याचा."

गाळा बघायला पहिली पार्टी आली, मोबाइल रिपेअरवाला. काका तीस वर्षं दुसऱ्यांची अंधारी घरं "शांत आहे" म्हणून विकत आले. स्वतःच्या गाळ्याबद्दल मात्र त्यांना खोटं बोलता येईना! "दुपारचा ऊन सरल आत येते," काका म्हणाले, "आनि समोरचा गटार तुंबला का वास मारतो." रिपेअरवाला गेला. दुसरी पार्टी लाँड्रीवाली. तिला काकांनी सांगितलं, "पानी सकालचा एकच तास येतो." तीही गेली. निलेश कपाळावर हात मारत होता आणि आम्ही तिघं मनात खूश होतो.

काकांनी परत परीक्षा दिली. मी सोबत गेले. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "या टायमाला पार्टी कोन ता इचारला नाय मी."

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे अकराच्या चहाला गाळ्यात होतो. काकांचं निकालाचं पान माझ्या फोनवर लावून ठेवलं होतं आणि ते काही केल्या उघडेना. तेवढ्यात तिसरी पार्टी आली. केकचं दुकान टाकणारी एक तरुण बाई, चुणचुणीत. काकांनी तिला ऊन सांगितलं. ती म्हणाली, "पडदा लावीन." गटार सांगितलं. "मी वॉर्डात जाऊन साफ करून घेते." पाणी सांगितलं. "टाकी बसवते, काका. मला जागा आवडली. टोकन आत्ताच देऊ का?"

निलेश पुढे सरकला. सलीमभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. बाईने पर्स उघडली, काकांनी टोकन घ्यायला हात पुढे केला, आणि माझ्या हातातलं पान उघडलं.

मी फोन तसाच काकांच्या समोर धरला. काकांनी चष्मा लावला, स्वतःचं नाव वाचलं, त्याखालचा शब्द वाचला, मग परत नावापासून वाचलं. पुढे केलेला हात मागे घेतला. बाहेर जाऊन पाटी काढली, ती आणून टेबलाच्या खणात ठेवली आणि आपल्या खुर्चीत बसले.

"बाय, गाला गेला."

बाई गोंधळली. "गेला? अहो, आत्ता तर रिकामा होता! कोणी घेतला?"

काकांनी खुर्ची जराशी टेबलाजवळ ओढली.

"पार्टी चांगली हाय. मी वलखतो."