धर्माचं म्हावरं

वाशीगावच्या तुळशीराम भगताला नाही म्हणता येत नसे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात लोक आधी हार घालतात आणि मागोमाग काम अडकवतात. तुळशीरामच्या गळ्यात सेवा क्लब पडला.

खाडीवरचा पूल होऊन काही वर्षं झाली होती. गावाची भातशेती सरकारनं घेतली, नुकसानभरपाई दिली, आणि खाचरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. भगतांच्या बांधावर एक बँक आली आणि त्याच बँकेत तुळशीराम शिपाई म्हणून लागला. "आमी अजून आमच्याच शेतान जाताव, फक्त कुलूप दुसऱ्याचा हाय," असं तो हसत सांगे. हसण्यावारी नेल्याशिवाय ती गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच.

सेक्टरमध्ये राहायला आलेल्या डॉक्टर, इंजिनियर, बँकवाल्या मंडळींना संध्याकाळी करमेना. धड बाजार नाही, थिएटर नाही, नातेवाईक सगळे पुलापलीकडे. मग त्यांनी समाजाची सेवा काढली. पण सेवेला मांडव लागतो, टेम्पो लागतो, मैदानातले खड्डे बुजवायला माणसं लागतात, आणि हे सगळं गावात मिळतं. म्हणून तुळशीराम लागला. नेत्रशिबिराला म्हातारी माणसं गोळा करण्यापासून पाहुण्यांच्या खुर्च्या पुसण्यापर्यंत सगळं तो करी. गाव म्हणे, तुल्शा लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. पण एका वर्षी क्लबनं त्याला रीतसर सभासद करून घेतलं आणि खिशावर बिल्ला लावला, तेव्हा हेच गाव तो बिल्ला पाहायला त्याच्या ओटीवर येऊन बसलं. सेक्टरवाल्यांच्या क्लबातला गावचा तो एकटाच. त्याची छाती फुगली. का फुगू नये?

अध्यक्ष होते रावसाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. मोठ्या मनाचा माणूस. तिथंच तर पंचाईत झाली. ते दुष्ट असते तर तुळशीरामला पुढं जन्मभर त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

क्लबनं ठरवलं, ॲम्ब्युलन्स घ्यायची. त्यासाठी मैदानात आनंदमेळा भरवायचा, खाण्याचे स्टॉल लावायचे, जमेल ते गाडीच्या फंडात. ही बातमी तुळशीरामनं सगळ्यांत आधी सांगितली ती बायजाला.

बायजा त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला कडेवर वाढवलेलं. तिला गावातच दिली होती. नवरा जानू खाडीत मासेमारी करी. एका दुपारी जाळं ओढताना त्याच्या छातीत कळ आली. गाडी कुठली? बर्फाच्या टेम्पोत रिकाम्या गोणींवर घालून ठाण्याला न्यायला निघाले. रबाळ्याच्या अलीकडेच जानू गेला. बायजा शेजारी बसली होती. पुढं ती त्यावर फार बोलली नाही. पण गावात कुणाला ताप चढला तरी आधी विचारी, न्यायचा कशान?

त्यामुळं ॲम्ब्युलन्सचं ऐकल्यावर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हावरा आमचा," ती म्हणाली. "तलायचा आमी, वाढायचा आमी. तुज्या सायबांना सांग, आमाला पैका नको, खानारा काय देल तो गाडीच्या डब्यान. धर्माचा हाय."

धर्माचं म्हावरं म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. गावदेवीच्या जत्रेला होडीवाले जाळ्यातला पहिला वाटा देवीच्या नावानं काढतात. त्या मासळीचा भाव करायचा नसतो, आणि ती घरच्या चुलीवर चढत नाही. जो तिचे पैसे देऊ करतो, त्यानं देवीचाच हात मागं लोटला असं मानतात. एका गाडीसाठी बायजानं तो वाटा काढायला लावला. होडीवाल्यांनीही हूं की चूं केलं नाही, कारण जानू त्यांच्यातलाच होता.

मेळ्याच्या दिवशी बायजा आणि तिच्या शेजारणी दमयंती नि गोजरा ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोली माळून मैदानात आल्या. टोपल्यांत कोलंबी, बोयटं, आणि वर ओल्या फडक्यात गुंडाळलेला हातभर लांब जिताडा. तांदळाच्या भाकऱ्यांची चवड वेगळी. मसाला आदल्या संध्याकाळी वाटलेला. सेक्टरच्या बायका वडे नि भेळ मांडत होत्या, त्याही येऊन डोकावून गेल्या. रावसाहेब स्वतः येऊन म्हणाले, "बायजाबाई, पहिलं ताट माझं हं." ते मनापासून म्हणाले होते.

तवा तापला, आणि रावसाहेबांनी तुळशीरामला मांडवामागं बोलावून घेतलं.

उद्घाटनाला वाशीला नव्यानं आलेल्या घाऊक मार्केटमधले कांदा-बटाट्याचे एक ठोक व्यापारी येणार होते. गाडीची निम्मी रक्कम ते एकटे देणार होते. त्यांच्या वयोवृद्ध आईच्या हातून फीत कापायची होती. आत्ताच निरोप आला होता की आईंना मासळीचा वास सोसत नाही, त्यांना भोवळ येते.

"तुळशीराम, माझी अवस्था बघा," रावसाहेब म्हणाले. "मला स्वतःला किती वाईट वाटतंय. पण गाडी महत्त्वाची. बायजाबाई तुमचंच ऐकतील. त्यांचं नुकसान मात्र होऊ द्यायचं नाही. नुकसानभरपाई क्लब देईल." आणि त्यांनी क्लबचं नाव छापलेलं पाकीट तुळशीरामच्या हातात ठेवलं.

त्या क्षणी तुळशीरामला बरंच काही सुचायला हवं होतं. स्टॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्यानं वास मांडवाकडं येणार नाही असा नेता आला असता. फीत कापून होईपर्यंत तवा उतरवून ठेवता आला असता. निदान 'साहेब, तुम्हीच चला, तुम्हीच सांगा' एवढं तरी म्हणता आलं असतं. हे सगळं त्याला पुढं वर्षानुवर्षं सुचत राहिलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "होऊन जाईल, साहेब."

तो स्टॉलपाशी आला. बायजा पिठात कोलंबी घोळवत होती.

"बाय," तो म्हणाला, "आजच्या दिवस स्टॉल बंद ठेवावा लागेल. क्लबचा तसा निर्णय झालाय."

बहिणीशी तो कधी असं बोलत नसे. हे बँकेत गिऱ्हाइकाशी बोलायचं मराठी होतं. बायजानं मान वर केली.

"कोन बोलला?"

"पाहुण्यांना वास सोसत नाही."

"पावन्यांचा नाय इचारत. तू काय बोल्लास?"

 तुळशीराम गप्प राहिला असता तरी चाललं असतं. गप्प बसलेल्या भावाला बहीण कधी तरी माफ करते. पण त्याला वाटलं, काहीतरी द्यावं. त्यानं ते पाकीट पुढं केलं.

"म्हावऱ्याचे. नुकसानभरपाई हाय."

गावातल्या दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर एक वेळ चाललं असतं. त्याला कळायला हवं होतं. लहानपणी जत्रेत बायजाच्या पदराला धरून त्यानं ते वाटे निघताना पाहिले होते.  बायजाच्या हाताला पीठ होतं. तिनं पाकिटाला हात लावला नाही.

"म्हावरा मी इकाला नव्हता आनला," ती म्हणाली. आवाज चढवून नाही.

तिघींनी टोपल्या उचलल्या. धर्माचं म्हावरं घरी नेता येत नाही, त्यामुळं त्या सरळ खाडीवर गेल्या आणि मीठमसाला लावलेली सगळी मासळी त्यांनी ओहोटीच्या पाण्यात सोडली. जिताडासुद्धा. तुळशीरामला ते गोजरानं सांगितलं. तो तेव्हा व्यापाऱ्यांच्या आईसाठी खुर्ची धरून उभा होता.

मेळा छान झाला. पुढल्या वर्षी गाडी आली. हार घातलेल्या गाडीशेजारी तुळशीरामचा फोटो निघाला आणि तो बँकेतल्या साहेबांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला. गाडीनं माणसं वाचवली हेही खरं; वाशीगावचीसुद्धा वाचवली. म्हणून तर तुळशीरामला स्वतःची समजूत घालायला भरपूर जागा होती. रात्रंदिवस तो ती घालत असे, आणि ती पटत नसे.

बायजा भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. त्याच्या मुलाच्या हळदीला आली, धवल्यांची गाणी गायली, पंगतीत वाढायलाही उभी राहिली. पण त्या दिवसापासून ती त्याला 'तुमी' म्हणू लागली. "कवा आलाव तुमी? बसा. चाय घ्या." कडेवर वागवलेल्या भावाला. पहिल्यांदा तसं म्हणाली तेव्हा त्याला वाटलं, चेष्टा करतेय. मग कळलं की नाही. तेव्हाच तिच्या पायाशी बसून चुकलो म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणता न येणाऱ्या माणसाला चुकलो म्हणणंही जमत नाही; दोन्हीला समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागतं. आज जाऊ, सणाला जाऊ, असं करत वर्षं गेली.

दरम्यान रावसाहेब मुलाकडं पुण्याला गेले. क्लबात नवी माणसं आली, ती मांडव कंत्राटदाराकडून मागवू लागली. तुळशीरामला कुणी काढलं नाही. बोलवायचं मात्र हळूहळू राहून गेलं. त्यानं बिल्ला कपाटात टाकला.

एका सकाळी तो दिवाळे गावच्या बंदरावर गेला. होड्या लागायची वाट पाहत बसला आणि त्यातल्या त्यात मोठा जिताडा निवडला. घासाघीस केली नाही. बायजाच्या अंगणात येऊन, विळी मागून घेऊन, त्यानं स्वतः तो साफ केला, तुकड्या पाडल्या, धुऊन पातेल्यात ठेवल्या. खूप वर्षांत हाताला सवय नव्हती. अंगठा कापला. बायजा दारात बसून बघत होती. तुळशीरामला वाटलं, आता काही बोलायची गरजच पडणार नाही, तिला कळेल.

बायजा उठली. आत जाऊन आली. कमरेची पिशवी सोडून तिनं नोटा काढल्या.

"किती झाला तुमचा?"

तुळशीराम ओल्या हातांनी उभाच राहिला. एकच वाक्य बोलायचं होतं, की हा मी विकायला नाही आणला. ओठापर्यंत आलं. पण ते वाक्य तिचं होतं, आणि तिनं ते म्हटलं तेव्हा त्यानं ऐकलं नव्हतं.

बायजा हात पुढं करून थांबली होती. तुळशीरामनं पैसे घेतले.