बाबांचा कलमाचा चाकू

तापल्या लोखंडाचा वास आला की मला नागपूरचं आमचं अंगण आठवतं. सत्तरच्या सुमारास मी नुकताच फिटर झालो होतो. बाबा संत्र्याची कलमं बांधायचे. त्यांच्या चाकूला मी बाभळीची नवी मूठ बसवत होतो. कडक पोलादात ड्रिल शिरेना, म्हणून घाईत अख्खा चाकूच शेगडीत लाल केला. भोक पडलं, पण पात्याचं पाणी उतरलं, धार टिकेना.

बाबांनी तो एका फांदीवर चालवून पाहिला. साल फाटली.

“मूठ हाताले मस्त बसली गा,” एवढंच म्हणाले.

बऱ्याच वर्षांनी ते गेल्यावर त्यांच्या पिशवीत दोन चाकू निघाले. नंतर बाजारातून आणलेल्या चाकूचं पातं झिजून अर्धं झालं होतं. मी मूठ बसवलेल्या चाकूची झिजली होती ती फक्त मूठ.