माळावरचे पाव्हणे

दादाची बादली अजून पंपाच्या मोटारीच्या खोलीसमोर पालथी असते. बुडाला भोक पडल्यावर ती पाण्याच्या कामाची राहिली नाही, म्हणून त्यानं तिची बैठक केली होती. हिवाळ्यात दिवस कलला की तो तिच्यावर बसायचा, मावळतीकडं, म्हणजे माळाच्या तुकड्याकडं तोंड करून. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले. वहिनी खोली झाडते, समोरची जागा सारवते, पण बादलीला हात लावत नाही. मीही लावत नाही. संध्याकाळी तिच्याकडं पाठ करून बसलं की मागं कुणीतरी खाकरल्यासारखं वाटतं. मी जन्मभर लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं खोलीचा सुटलेला पत्रा वाऱ्यानं वाजतो हे मला कळतं. कळूनही मी मागं वळून बघतेच.

शेत उदगीरच्या रस्त्यावर, फाट्यावर उतरून अर्धा तास चालत गेलं की लागतं. खाली काळी जमीन, वर दोन एकर मुरमाड माळ. सगळ्या शिवारानं आपापले माळ फोडून सोयाबीन केलं, दादानं केलं नाही. त्यानं तिथं गवत राखलं. शिमग्यापर्यंत त्यावर विळा नाही, जनावर नाही. बांधावरच्या बोरी-बाभळी तोडायच्या नाहीत, औषध फवारायचं नाही, आणि ज्वारीच्या बांधालगतच्या दोन ओळी काढायच्याच नाहीत, त्या पाखरांच्या. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतो म्हणून लोक हसायचे. दादाही हसायचा आणि पुढच्या वर्षी तेच करायचा.

निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यातला महिनाभर मी इथं येऊन राहते. पहाटे हरभऱ्यावर फडकं अंथरून आंब गोळा करते. फडकं पिळलं की जिभेला झिणझिण्या आणणारं ते आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचं, पोटदुखीला चालतं. उन्हं आली की ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरतो आणि शेजारपाजारची रानं डबे बडवायला लागतात. आमच्याकडं डबा वाजत नाही. पाटाच्या ओलीत धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतो, करडई फुलायच्या बेतात असते, बोरीखाली खोकडाच्या विष्ठेत बोराच्या बिया सापडतात. माळावरून आलं की लुगड्याला कुसळं चिकटलेली असतात, ती वेचत बसायचं. कुणी विचारलं तर मी म्हणते, हवापालटाला येते. खरं तर मी वाट बघायला येते.

दिवाळी सरली की दादाच्या माळावर भोवत्या यायचे. हे नाव मी पुस्तकातून काढलं, दादा त्यांना पाव्हणे म्हणायचा. लांब पंखांचे, शिडशिडीत शिकारी पक्षी, हिमालयापलीकडच्या गवताळ मुलखातून येणारे. नर राखाडी, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. दिवसभर ते शिवारावर नाकतोडे टिपत फिरायचे. सूर्य टेकला की चारी बाजूंनी एकेक करून येऊन गवतावर घिरट्या घालायचे आणि अंधार पडेपर्यंत त्यातच उतरून जायचे. झाडावर नाही, जमिनीवर झोपतात ते. सकाळी ते उठून गेले की दादा त्यांच्या जागा बघायला जायचा. दबलेलं गवत, पांढरे शिंतोडे, नाकतोड्यांच्या तंगड्यांच्या ओकलेल्या गोळ्या. त्या गोळ्या तो तळहातावर घेऊन मला दाखवायचा. मला, धाकट्या बहिणीला, तो माय म्हणायचा; एकदा मी उभी राहून बघत होते तर म्हणाला, "खाली बस, माय. हुभं राहिलं की ते बसत न्हाईत."

पहिला पाव्हणा आला की मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर तो कोळशानं तिथी लिहायचा आणि पुढं 'आले'. कार्तिक वद्य अमुक, आले. भिंतीवर अशा ओळींची लांब रांग आहे. त्याखाली सात ओळींच्या जागी नुसती रेघ. त्या सात रेघा दादानं ओढल्या, पण त्या माझ्या आहेत.

मार्गशीर्षातली अमावस्या आमच्याकडं येळवस. लातूर त्या दिवशी ओस पडतं, ज्याला रान आहे तो रानात आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, 'ओलगे ओलगे' म्हणत भोवती फिरायचं, पिकावर आंबील शिंपायची, पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे. शेजारच्या रानात आंबिलीचा तांब्या जातो, तिकडचा इकडं येतो. त्या दिवशी कुणाची आंबील नाकारायची नसते. दिवस बुडताना हेंडगा पेटवायचा, म्हणजे कडब्याची पेंडी, आणि ती घेऊन शेताला पूर्ण फेरी मारायची. फेरी अर्धवट सोडायची नाही. का, ते कुणी सांगत नाही. घरावर येतं, एवढंच.

नऊ वर्षांपूर्वीच्या येळवशीला दिवस कलल्यावर दादा सगळ्यांना ट्रॅक्टरमध्ये घालून गावाकडं निघाला. मला तिथूनच पायी फाट्यावर जाऊन लातूरची जीप धरायची होती. हेंडगा मी फिरवते म्हणाले, लहानपणी वडिलांच्या मागं मीच पळायचे. दादा म्हणाला, "निम्म्या रानातच फिरव. माळाच्या कडंला न्यायचा न्हाई. पाव्हणे बसलेले असतेत." मी हो म्हणाले.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं, अजून तो दवाखान्यातच होता. विहिरीपाशी मी वळायला हवं होतं. वळता आलं नाही. अमावस्येला ग्रहताऱ्यांचं काही अडत नाही असं वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवणारी मी, पण हातात पेटलेला हेंडगा आणि मागं अर्धी फेरी, मला हिंमत झाली नाही. मी माळाच्या कडेच्या बांधावरून गेले. भरभर गेले. वारा होता, ठिणग्या मागं उडत होत्या, आणि मी समोर बघत होते. फेरी पुरी झाली. हेंडगा पाटाच्या पाण्यात बुडवला आणि फाट्याची वाट धरली.

फाट्यावर पोचल्यावर मागं बघितलं. सगळ्या शिवारात हेंडगे फिरत होते, लांबून ठिपके दिसत होते. आमच्या बाजूला एक उजेड होता, तो फिरत नव्हता. जागेवरच रुंद होत होता. असेल कुणाचातरी, असं मी स्वतःला म्हणाले. जीप आली. मी बसले.

नवरा बरा झाला. फेरीमुळं झाला असं मी म्हणत नाही. पण झाला.

सकाळी दादाचा फोन आला. "माय, माळ जळाला." मी म्हणाले, "कसं काय?" ते 'कसं काय' माझ्या कानातून अजून जात नाही, इतकं सहज निघालं होतं. राखेत त्याला तीन पाव्हणे सापडले होते, ते त्यानं बांधावरच्या लिंबाखाली पुरले. बाकीचे अंधारात कुठं गेले कुणास ठाऊक. त्यानं एकदाच विचारलं, "तू हेंडगा विहिरीपसूनच वळवलास न्हवं?" मी म्हणाले, "हो, तू सांगितलं तसाच."

शाई सांडून गप्प बसलेल्या पोरांना मी वर्गात बाकावर उभं करायचे.

मग संशय शेजारच्या अण्णांवर गेला. अण्णा दादापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांचं रान पूर्वेकडं आमच्या बांधाला लागून, पण त्यांचा हेंडगाही कधीकधी आमच्या माळाच्या अंगानं फिरायचा. दोघांनी एका विहिरीवर पोहणं शिकलेलं, एका बाजाराला बैल घेतलेले. त्या आठवड्यात बांधावर दोघांचं काहीतरी बोलणं झालं आणि दोघांनी एकमेकांकडं जाणं सोडलं. दादा मला एवढंच म्हणाला, "अण्णा आता खोटं बोलाय लागलाय." काय खोटं, ते मी विचारलं नाही. न विचारण्यात मी तोवर पटाईत झाले होते.

पुढच्या पावसात गवत उगवलं, पूर्वीपेक्षा दाट. पाव्हणे आले नाहीत. दादा रोज बादलीवर बसायचा, अंधार पडला की उठायचा. हिवाळा संपला की भिंतीवर रेघ ओढायचा. सांगून टाकावं असं मला प्रत्येक वर्षी वाटायचं. एक दिवस उशीर झाला होता तोवर सांगता आलं असतं. एक वर्ष झाल्यावर, आधी का नाही बोललीस, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. सात वर्षांनी दादाच गेला, एका पहाटे, पाणी द्यायला उठलेला. मी त्याच्या पायाशी बसून रडले, आणि मला हलकं वाटलं. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी आगीचीही वाटत नाही.

यंदा येळवशीच्या आदल्या संध्याकाळी मी बादलीपासून दोन हात लांब बसले होते. माळावर एक राखाडी पाखरू आलं. गवताला पोट लागेल इतकं खाली, पंख वर धरून, सावकाश. ते बसेल म्हणून मी श्वास धरला. ते थांबलं नाही. सगळा माळ ओलांडून खोलीच्या अंगावरून मागं गेलं आणि अण्णांच्या बाभळींपलीकडं उतारात उतरलं. नऊ वर्षांत मी त्या दिशेला कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पांडवांना नैवेद्य झाल्यावर मी आंबिलीचा तांब्या उचलला. वहिनीनं बघितलं. मी बांध ओलांडला.

अण्णा कोपीच्या तोंडाशी एकटेच बसले होते. थकलेत खूप. तांब्याकडं बघून म्हणाले, "नऊ वर्सांनी आली बगा आंबील. बसा बाई."

मी बसले नाही. बसले असते तर राहून गेलं असतं. "अण्णा, त्या साली माळ माझ्या हेंडग्यानं पेटला."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला, शेवटपर्यंत प्यायले, मिशा पुसल्या. "ठावं हाय की. मी बाभळीखाली कडबा बांधत व्हतो. तुमाला बघितलं वरल्या बांधावर, हेंडगा घेऊन. दुसऱ्या दिशी सांगितलं तुमच्या दादाला."

"मग?"

"मग काय. म्हनला, माजी भन दुसऱ्याच्या लेकरांना खरं बोलाया शिकवती, ती माज्यासंगं लबाडी करनार न्हाई. तूच खोटा हाईस." अण्णांचा आवाज चढला नाही. "तिथून माजं कायच त्याला खरं वाटंना. फुडल्या हिवाळ्यात ते पाखरं माज्या उतारावर बसाय लागले. मी तेवढा तुकडा नांगरला न्हाई, राखला. त्याला सांगावा धाडला, येऊन बग म्हनलं. आला न्हाई. दुसऱ्या साली बी धाडला. तवा बी आला न्हाई."

"दर वर्षी येतात?"

"हाव. लई येतेत."

दिवस टेकल्यावर ते मला उतारावर घेऊन गेले. मी गवताच्या काठाला उभी राहिले तर म्हणाले, "खाली बसा, बाई. हुभं राहिल्यावर बसत न्हाईत." मी खाली बसले. ते आले. आधी दोन, मग पाच, मग मोजता येईनात. राखाडी, तपकिरी, गवतावर एकमेकांच्या मधून घिरट्या घालत, आवाज न करता. त्यांच्यामागं वर चढणीवर आमची मोटारीची खोली दिसत होती, तिची मागची भिंत. त्या भिंतीच्या पलीकडं सात हिवाळे दादा यांच्याकडं पाठ करून बसला होता.

मी परत आले तेव्हा अंधारून येत होतं. वहिनी खोलीसमोर हेंडगा बांधून थांबली होती, काडीपेटी हातात. दादा गेल्यापासून तो तीच फिरवत आली होती, निम्म्या रानात. मी तिला सगळं सांगितलं. विहिरीपासून, फाट्यावरचा उजेड, फोन, अण्णा, उतारावरची पाखरं. मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

तिनं एवढंच विचारलं, "ह्यांना दिसले असते?"

"हो. नुसता बांध ओलांडला असता तर."

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. काडीपेटी कनवटीला लावली आणि हेंडगा तसाच कोपीत नेऊन ठेवला. "ऱ्हाऊ द्या यंदा. बसलेले असत्याल तिकडं." मग तिनं दादाची बादली उचलली. जमिनीवर तिचा गोल वण उमटलेला होता. खोलीला वळसा घालून ती मागं गेली आणि अण्णांच्या उताराकडं तोंड करून बादली पालथी ठेवली. तिच्यावर बसली नाही. आम्ही दोघी शेजारी मातीत बसलो.