दोघांनी पाहिलं तरच नोंद

चार पक्षीवेडे एकत्र आले की पक्षी दिसोत न दिसोत, किस्से मात्र साठतातच! आमच्या हर्णेच्या टोळक्यात निवृत्त ड्रॉइंग मास्तर नाना, बँकेतल्या सुलभाताई, होडीवाले मजीदभाई आणि मी. दर चैत्रात समोरच्या छोट्या बेटावर जायचं आणि उत्तरेला परतणारे कुरव मोजायचे. नानांचा नियम एकच: दोघांनी पाहिलं तरच वहीत नोंद!

*

एकदा सुलभाताईंना ससाणा दिसला. नेमके आम्ही तिघे डबे उघडत होतो.

"अहो, देवाशप्पथ दिसला!" त्या काकुळतीला आल्या.

नाना शांतपणे घावन मोडत म्हणाले, "ताई, एका किल्लीने तुमचा लॉकर उघडतो का?"

आठ दिवस ताई नानांशी बोलल्या नाहीत.

*

चैत्रातली हवा म्हणजे घडीत ऊन, घडीत मळभ. "मोबाईलमध्ये आकाश स्वच्छ दाखवतंय," मी म्हणालो.

मजीदभाईंनी वर बघितलं. "मग मोबाईलमध्येच बसा!"

अर्ध्या तासात पाऊस कोसळला. नानांनी मजीदभाईंच्या डब्यातला सुका बांगडा, भाकऱ्या बाहेर काढल्या आणि आत वही ठेवली! भिजलेल्या भाकऱ्या आम्ही हसत हसत खाल्ल्या. आता वही माझ्याकडे असते. त्या पानांना अजून बांगड्याचा वास येतो. नानांची आठवण आली की मी मुद्दाम ती उघडतो.

*

थव्यात एक अधू पायाचा कुरव असायचा. नर की मादी कुणास ठाऊक, नानांनी नाव ठेवलं 'लंगडी'. दरवर्षी ती त्याच खडकावर दिसायची आणि नानांचा जीव भांड्यात पडायचा.

मग एका वर्षी नानांचंच कंबरेचं हाड मोडलं. समुद्राच्या पुळणीसमोर, घराच्या पडवीत त्यांची खाट टाकलेली. "तेवढी लंगडी बघून या रे. तिची नोंद राहिली तर मला चैन पडायची नाही."

बेटाला दोन फेऱ्या मारल्या. लंगडी नाही. त्यात वारा उठला, मजीदभाईंनी होडी वळवली. येताना ठरलं, म्हाताऱ्याचं मन मोडायचं नाही.

"नाना, होती! त्याच खडकावर!" सुलभाताई म्हणाल्या.

"मीपण पाहिली," मी म्हणालो. मजीदभाई चपला शोधायला लागले.

"दोघांनी पाहिली?"

"हो!"

नानांनी पेनाचं टोपण काही काढलं नाही. पुळणीकडे बोट केलं.

"मग तिथे सकाळपासून लंगडतंय ते कोण? एकटाच बघतोय मी, दुसरं माणूस मिळेना! अरे मेल्यांनो, इकडे या, एकाने तरी खरंच बघा, म्हणजे मला लिहिता येईल!"