कोणाची गं तू?

केसपेपरच्या खिडकीत बसणाऱ्या मामांइतका मायाळू माणूस आमच्या दवाखान्यात दुसरा नाही. चष्मा कपाळावर, कानात अत्तराचा फाया, आणि कुणीही बाई समोर आली की पहिला सवाल तोच, "कोणाची गं तू?" कंधारपासून जळकोटपर्यंतची घरं त्यांना तोंडपाठ. ओळख निघाल्याशिवाय ते केसपेपर देत नाहीत. म्हाताऱ्या खूश होतात.

माझी खोली खिडकीच्या मागेच आहे. वयात आलेल्या मुलींनी एकटं यावं, पाळीचं, दिवस गेल्याच्या शंकेचं बिनधास्त विचारावं, म्हणून ती केलेली. दाराला पडदा आहे. पण वाट मामांसमोरूनच जाते. "नाव-गाव नका विचारू," असं मी एकदा म्हटलं, तर ते दुखावले. "मग माणुसकी काय राहिली, मॅडम?"

परवा बाजाराच्या दिवशी एक मुलगी आली, तोंडाला स्कार्फ बांधून. मामांनी आवाजावरून ओळखलं. "एकटीच आलीस? थांब, बापूला फोन लावतो. उन्हात चालत नको जाऊ."

पलीकडून बापानं फोन उचलला तेव्हा मुलगी गेटाबाहेर पोचली होती. मी धावले, पण ती थांबली नाही.

"पाणीबी न पिता गेली बघा," मामा खरोखर हळहळले.

दवाखाना बंद करताना त्यांनीच माझ्या खोलीचा पडदा नीट सारला आणि समाधानानं म्हणाले, "तुमच्याकडं कुणीच येत न्हाई, मॅडम. आपल्या पोरी लई निरोगी हायेत."