जाणाऱ्यांच्या बाजूला

माझ्या लेकीनं नाकात वाल घातला तेव्हा माघ चालू होता. खळ्यात वाल सुकायला टाकले होते, मी भांडी घासत होते, वळून बघितलं तर पोर तोंड उघडं टाकून श्वास घेतेय आणि नाकाला बोट लावून हसतेय. दोन वर्षांचं लेकरू, त्याला काय कळणार. मी बोट घालून काढायला गेले तर वाल आणखी वर गेला.

माझ्या सासूला मी आत्या म्हणते. आत्या म्हणाली, वाल ओला झाला की फुगतो, आणि फुगला की त्याला मोड येतो. मोडाचं ऐकलं मात्र, मी पोरीला काखेला मारलं आणि जामसरहून जव्हारची वाट धरली. पोर निजली की तिचं तोंड मिटायचं, तोंड मिटलं की श्वास कोंडायचा, म्हणून मी तिला निजू देत नव्हते, सारखी हलवत होते. आत्या मागनं पळत येत होती आणि भेटेल त्याला सांगत होती की नातीच्या नाकात वाल पेरलाय.

दवाखान्याला कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, महाराजांचे पाहुणे विमानातनं येणार आहेत, हवेतनं आलेल्या माणसाला चक्कर येते, म्हणून डॉक्टरांना विमानाच्या माळावर बसवून ठेवलंय.

माळावर गेलो. तिथं कुडाची लांब पडवी बांधली होती, वर पेंढा, बाहेर उंच बांबूला सदऱ्याच्या बाहीसारखं कापड लावलेलं, ते वाऱ्यानं फुगत होतं. पडवीच्या मधोमध दोरी. मी तिसरीपर्यंत शिकले, पाट्या वाचता येतात मला. दोरीच्या एका बाजूला लिहिलं होतं येणारे, दुसऱ्या बाजूला जाणारे. येणाऱ्यांच्या बाजूला ताशेवाले, सनईवाला, आरतीची ताटं घेतलेल्या बायका, सगळी गर्दी. जाणाऱ्यांच्या बाजूला एकटे डॉक्टर, कारण सावली तिकडं होती.

दाराशी पहारेवाला. त्यानं आडवी काठी धरली. म्हणाला, येणारी का जाणारी?

मी म्हटलं, दादा, पोरीच्या नाकात वाल आहे.

तो म्हणाला, ते असू दे. येणारी का जाणारी?

आत्यानं मागनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "जाणारी म्हण की. डॉक्टर तिकडं बसलाय."

मी जाणारी म्हटलं. तर आतला कारकून ताडकन उठला, त्याचं तोंड असं फुललं की काय सांगू. त्यानं मुंबईचा विमानाचा माळ बघितला होता म्हणे, तिथं दोन बाजू असतात, म्हणून इथंही दोन केल्या, पण जव्हारहून उडून जाणारं माणूस काही मिळेना. त्यानं आत्याला बाहेरच ठेवली, पोचवायला आलेल्यांनी बाहेर थांबायचं म्हणाला, आणि मला सांगितलं, आधी वजन.

धान्याच्या कोठारातला मोठा काटा तिथं टांगला होता. एका पारड्यात मी पोरीला घेऊन बसले, दुसऱ्यात त्यांनी नागलीची पोती चढवली. पोती चढली तशी मी वर गेले, पाय सुटले जमिनीवरनं, आणि मला वाटलं हेच ते विमान. मी डोळे मिटून घेतले. बाहेरनं आत्या ओरडली, "घट्ट धर पोरीला, तुझं काय व्हायचं ते होऊ दे."

उतरले आणि थेट डॉक्टरांच्या पुढ्यात. त्यांनी पोरीची मान उन्हाकडं वळवली. म्हणाले, वाल फुगलाय, चिमटा लागेल. चिमटा दवाखान्यात, दवाखान्याची किल्ली कंपाउंडरच्या खिशात, आणि कंपाउंडर ताशेवाल्यांत. ताशा वाजवणारा एक कमी पडला म्हणून त्याला बसवलेला. दोरीपलीकडं समोरच दिसत होता. डॉक्टरांनी हाक मारली, त्याला वाटलं वाजवायला सांगतायत, त्यानं आणखी जोरात वाजवलं. डॉक्टर दोरी ओलांडायला गेले तर कारकून आडवा. जाणाऱ्या बाजूच्या माणसानं येणाऱ्या बाजूला जायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "अरे, मी कुठं जाणार आहे?" कारकून म्हणाला, ते तुम्ही बसायच्या आधी बघायचं होतं.

मी खाली बसले. पोरीचे डोळे मिटायला लागले होते. मी तिचे गाल थोपटत होते, तिला म्हणत होते निजू नको माझे बाय, निजू नको, आणि माझाच श्वास पुरत नव्हता.

तेवढ्यात वर घरघर सुरू झाली. ताशे थांबले. मोठ्या भुंग्यासारखं काहीतरी झाडांवरनं खाली आलं आणि माळावर धावत सुटलं, आणि माघातली ती सुकी लाल माती सगळी उठून पडवीत शिरली. कुणाला कुणी दिसेना. मी पोरीला पदरात घेणार तोच तिला शिंक आली, अशी शिंक की सारं अंग हादरलं. माती खाली बसली तर डॉक्टरांच्या कोटावर आमचा वाल, टपोरा, चिकटलेला.

पोरीनं तोंड मिटलं आणि नाकानं श्वास घेतला. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं, ऊन ऊन वारा लागला बोटाला. डॉक्टरांनी वाल माझ्या हातावर ठेवला आणि ते चक्कर आलेलं कुणी आहे का बघायला लागले. मला आली होती, पण मी हवेतनं आले नव्हते ना.

मी दाराकडं निघाले तर कारकून म्हणाला, वजन झालेल्यानं मागं फिरायचं नाही, पुढं. पुढं तर विमान. मी रडायला लागले. मग तोच जरा नरमला, हळूच म्हणाला, "बाई, विमानाला वळसा घाला आणि पलीकडनं आत या."

मी गेले. त्या पंखाखालनं वाकून गेले, मागं वळून बघितलंच नाही, आणि येणाऱ्यांच्या दारातनं आत शिरले. कंपाउंडरनं ताशा बडवला. एका बाईनं मला ओवाळलं, दुसरीनं गुलाबपाणी उडवलं आणि विचारलं, प्रवास कसा झाला? पाहुणे माझ्या मागं उभे, माझं ओवाळणं उरकायची वाट बघत.

बाहेर आत्यानं पोरीला माझ्याकडनं ओढून घेतलं. मी मूठ उघडून वाल दाखवला. तिनं तो उलटसुलट करून बघितला.

"दुसऱ्या नाकपुडीत बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. भर माळावर आम्ही दोघी पोरीचं डोकं उन्हाकडं धरून वाकलो. काही नव्हतं. गुलाबपाण्याचा वास तेवढा येत होता.