मागांच्या विरोधातला निबंध

माझ्या शेजारची मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या घरात खाली वडिलांचे यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटामुळे ती साधं बोलणंही ओरडून बोलते आणि समोरच्याला ऐकू आलं का, हे पाहत मध्येच थांबते.

कॉलेजच्या निबंधासाठी तिने विषय घेतला: वस्तीतले माग शहराबाहेर हलवावेत. निबंध लिहिण्याची तिची एक रीत आहे. विरोधकाचं म्हणणं ती आधी विरोधकालाच वाचून दाखवते. तो ‘बरोबर’ म्हणेपर्यंत स्वतःची बाजू लिहीत नाही. या वेळी विरोधक घरातच होते.

रविवारी वडिलांनी माग थांबवले. मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. तिने त्यांची बाजू वाचून दाखवली.

“लई मऊ लिवलंस की,” वडील म्हणाले. “बाहेर शेडचं भाडं मला झेपत न्हाय. हितं मी मालक हाय, तितं दुसऱ्याच्या मागावर कामगार. लिही तसं.”

तिने तसंच लिहिलं. “आता बरोबर, पप्पा?”

“व्हय.”

“आता माझं ऐका.” तिने समोरच बसून दोन ओळी लिहिल्या आणि वाचल्या: या आवाजात मागासाठी सुताच्या कांड्या भरून माझ्या आईचे कान गेले. मी हाक मारली तर तिला ऐकू येत नाही.

वडिलांची बाजू त्यांच्याकडूनच भक्कम करून घेऊन ती त्यांच्याशी भांडत होती. मी बातमीदार आहे; पण माझ्या धंद्यातही इतकं धाडस मी पाहिलं नव्हतं.

वडील उठून मागांकडे गेले.

“खोडू नको ते,” म्हणाले, आणि त्यांनी माग सुरू केले.